उबुंटूवर एपीटी असताना शेजारी सोर्सवरून सॉफ्टवेअर बसवावं का? (टेसरॅक्ट ५ आणि जुनी मराठी पुस्तकं)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागातल्या एका छोट्या वाचनालयाची जुनी पुस्तकं आणि मासिकांचे अंक स्कॅन करून शब्द शोधता येईल अशा पीडीएफमध्ये आणायचं काम आम्ही काही सभासद करतोय. २०१९ च्या पुरात खालच्या कपाटांतलं बरंच गेलं. वरचं जे वाचलंय ते तरी पुढच्यांच्या हाती लागावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

संगणक एका सभासदानेच दिलाय. उबुंटू २२.०४, आठ जीबी रॅम. एपीटीतून (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवायचं हत्यार) टेसरॅक्ट, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचं मराठीचं पॅकेज बसवलं. दिवसभर स्कॅन करायचं, रात्री क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्रॅम) ते फोल्डर उचलतो आणि ओसीआरमायपीडीएफ (टेसरॅक्टकडून वाचून घेऊन पीडीएफ करणारं) त्यावर चालतं. यंत्रणा बसली आहे, पण जुन्या छपाईत चुका फार येतात. २२.०४ मध्ये टेसरॅक्ट ४.१.१ मिळतं, मूळ प्रकल्प तर २०२१ च्या नोव्हेंबरातच ५ वर गेला. म्हणून गिटवरून सोर्स (मूळ कोड) उतरवून कंपाईल करायचा, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम स्वतः बांधायचा, विचार चाललाय.

विचारायचं हे की एपीटीचं ४ आहे तसं ठेवून शेजारी ५ बसवलं तर दोघांचं जमेल का? की ४ आधी काढून टाकू? आणि उद्या माझ्या जागी दुसरं कोणी बसलं तरी त्यांना मशीन समजलं पाहिजे. तिथे पगारी माणूस कोणी नाही.

टर्मिनलमित्र
बिनधास्त बसवा. बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग आणि लेप्टोनिकाचं (टेसरॅक्टला लागणारी चित्रांची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमनी वाटून वापरायचा कोड) डेव्ह पॅकेज, एवढं एपीटीतून घ्या. मग ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, सुडो (मशीनच्या मालकाच्या हक्काने) मेक इन्स्टॉल आणि शेवटी सुडो एलडीकॉन्फिग (लायब्ररींची यादी ताजी करणारं). ते एलडीकॉन्फिग विसरलात तर चालवल्या चालवल्या ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल उघडता येत नाही’ म्हणून रडेल. बाकी काही नाही. ४ काढायची गरज नाही.

अजिंक्यतारा
थांबा जरा. टर्मिनलमित्र यांनी दिलेल्या पायऱ्या बरोबर आहेत, पण त्या मशीनवर नक्की काय करतात ते कळल्याशिवाय सुडो लावू नये. मी साताऱ्यात काही छोट्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो, हा विषय माझ्याकडे सारखा येतो.

एपीटीच्या खाली डीपीकेजी असतं. कुठल्या पॅकेजची कुठली फाईल कुठे ठेवली, याची नोंद ते ठेवतं. ही नोंद म्हणजे मशीनचा सातबारा. मेक इन्स्टॉल हे साधं कॉपी करणारं काम आहे, ते डीपीकेजीला काही विचारत नाही आणि सांगतही नाही. म्हणजे घर उभं राहतं, पण उताऱ्यावर नाव चढत नाही. उद्या डीपीकेजी-एस लावून ‘ही फाईल कुणाची’ विचारलंत तर तो सरळ सांगतो, असा मार्ग कुठल्याच पॅकेजात नाही.

आता ती फाईल कुठे पडली यावर सगळं अवलंबून आहे. लिनक्सच्या फोल्डर-रचनेचा ठरलेला नियम असा: /यूएसआर ही जागा वितरणाची, म्हणजे एपीटीची. /यूएसआर/लोकल ही त्या मशीनच्या मालकाची, तिथल्या फायलींना एपीटी हात लावत नाही. ऑटोकॉन्फ वापरणाऱ्या प्रकल्पांत प्रीफिक्स (कुठल्या फोल्डरात बसवायचं ते) सांगितला नाही तर माल /यूएसआर/लोकल मध्येच जातो, हे आपलं नशीब. पण नेटवर काही जुन्या सूचनांत प्रीफिक्स बरोबर /यूएसआर असं लिहिलेलं सापडतं. ते डोळे झाकून करायचं नाही. एपीटीच्या फायलींवर तुमच्या फायली चढतात, पुढच्या अपडेटला एपीटी त्यांच्यावर आपल्या चढवतो, आणि मग निम्मं एकाचं निम्मं दुसऱ्याचं असं जे काही उरतं ते कुणालाच सुधारता येत नाही.

तेव्हा कृष्णाकाठ, उत्तर असं: शेजारी राहू शकतात. कंपाईल केलेलं ५ हे /यूएसआर/लोकल/बिन मध्ये बसेल, एपीटीचं ४ हे /यूएसआर/बिन मध्ये राहील. पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) लोकल आधी येतो, म्हणून टर्मिनलवर टेसरॅक्ट म्हटलं की ५ चालेल. लायब्ररीसुद्धा अडणार नाहीत, एकीच्या नावाच्या शेवटी ४ आणि दुसरीच्या ५. पण मराठी डेटाची फाईल मात्र नव्याला सापडणार नाही. एपीटीने ती /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटा मध्ये ठेवलेली असते आणि सोर्सवरचं ५ ती शोधणार /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये. पहिल्याच वेळी तुम्हाला हीच चूक दिसेल.

सांगलीकर_पुण्यात
वाचतोय. वाचनालयाच्या कामाला सलाम.

मिरजेचा_माणूस
अजिंक्यतारा यांच्याशी सहमत. लायब्ररीबद्दल मात्र अजून एक सांगतो, कारण /यूएसआर/लोकल मध्ये टाकलं म्हणजे सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात.

एका ग्राहकाकडे सर्व्हरवर नेटवरून काही उतरेना म्हणून बोलावलं होतं. कर्ल (नेटवरून फायली आणणारं) चालवलं तर स्क्रीनवर ओळ येत होती: ‘/यूएसआर/लोकल/लिब/लिबकर्ल.एसओ.४: नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल’. आधीच्या कुणी तरी कुठल्याशा एका प्रोग्रॅमला नवं कर्ल हवं म्हणून ते सोर्सवरून बांधून गेलं होतं. बिन मधलं कर्ल पुढे कुणी तरी पुसलं, लिब मधली लायब्ररी तशीच राहिली. डेबियन (उबुंटू ज्यावर उभं आहे ते) आणि उबुंटूवर लायब्ररी शोधायच्या यादीत /यूएसआर/लोकल/लिब आधी येतं. त्यामुळे लायब्ररीचं नाव आणि एसओचा (तिच्या आवृत्तीचा) आकडा एकच असेल तर वितरणाचे स्वतःचे प्रोग्रॅमसुद्धा तुमची लायब्ररी उचलतात. मग कर्लवर बसलेलं जे जे आहे, ते सगळं त्या एका फाईलवर येऊन पडतं. आर, पीएचपीचं एक्स्टेंशन, काही म्हणा.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. ती फाईल हलवली, एलडीकॉन्फिग चालवलं, झालं. पण ती फाईल तिथे आहे हे शोधायला दुपार गेली, कारण उताऱ्यावर नोंद नाही.

प्रोग्रॅम कंपाईल करा, हरकत नाही. त्याला लागणाऱ्या लायब्ररी शक्यतो एपीटीच्याच डेव्ह पॅकेजातून घ्या. टेसरॅक्टला लेप्टोनिका लागते, २२.०४ ची १.८२ टेसरॅक्ट ५ ला पुरते. लेप्टोनिका सोर्सवरून बांधायच्या फंदात अजिबात पडू नका.

टर्मिनलमित्र
मान्य, लायब्ररीचा मुद्दा मी लिहायला हवा होता असं नाही, कारण लेप्टोनिका मी एपीटीतूनच घ्या म्हटलंय. :) पण नोंद नाही म्हणून सोर्स वाईट, हे पटत नाही. नोंद आपण ठेवू शकतो. ग्नू स्टो कशासाठी आहे?

कॉन्फिगर करताना प्रीफिक्स /यूएसआर/लोकल/स्टो/टेसरॅक्ट-५ असा द्यायचा. सगळा माल त्या एका फोल्डरात पडतो. मग /यूएसआर/लोकल/स्टो मध्ये जाऊन ‘स्टो टेसरॅक्ट-५’ म्हटलं की बिन, लिब, शेअर यांत फक्त सिमलिंक (मूळ फाईलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) तयार होतात. काढायचं असेल तर स्टो-ला डॅश मोठा डी द्यायचा, सगळ्या लिंक जातात. नवी आवृत्ती आली की दुसरं फोल्डर, जुनीवरून लिंक काढून नवीवर लावायच्या. नवी बिघडली तर उलट. आणि त्या स्टो फोल्डरात एलएस केलं की या मशीनवर हातानं काय काय बांधलंय ते एका नजरेत दिसतं. तुमच्या पुढच्या माणसाला याहून सोपं काय पाहिजे?

सुनंदा_कराड
स्टो चांगलंच आहे. तरी मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की बांधायचंच तर डेब पॅकेज बांधा, म्हणजे खुद्द एपीटीलाच ते ठाऊक असेल.

सोपा मार्ग चेकइन्स्टॉल. सुडो मेक इन्स्टॉल ऐवजी सुडो चेकइन्स्टॉल म्हणायचं. मेक इन्स्टॉल कुठे काय ठेवतंय ते तो बघत राहतो आणि त्यावरून डेब तयार करून बसवतो. नंतर एपीटी रिमूव्हने निघतं. हत्यार जुनं आहे, मूळ प्रकल्पात फारसं काही हलत नाही आणि पॅकेज कशावर अवलंबून आहे हे त्याला आपोआप कळत नाही. घरच्या एका मशीनला पुरतं.

नीट मार्ग वेगळा. उबुंटू २४.०४ मध्ये टेसरॅक्ट ५.३.४ आहेच. त्याचं सोर्स-पॅकेज घ्यायचं, एपीटी बिल्ड-डेपने लागणाऱ्या गोष्टी आणायच्या, डीपीकेजी-बिल्डपॅकेजने २२.०४ वर बांधायचं. डेबियनच्या मंडळींनी केलेली सगळी मेहनत, त्यांचे पॅच, त्यांची फोल्डर-रचना आयती मिळते. बॅकपोर्ट म्हणतात ते हेच. डेबियनवर असतात तर आधी बॅकपोर्ट्सच्या भांडारात बघा म्हटलं असतं, तिथे बऱ्याचदा तयारच मिळतं, आणि मागितल्याशिवाय ते आपणहून वर चढत नाही.

हळदगल्ली
एवढं सगळं करण्यापेक्षा विंडोजवर सेटअपवर डबल-क्लिक केलं की झालं ना?

अजिंक्यतारा
@हळदगल्ली, होतं. पण तिथे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःच्या लायब्ररी सोबत घेऊन येतो आणि स्वतःचं अपडेट स्वतः बघतो. इथे एकच लायब्ररी शंभर प्रोग्रॅम वापरतात आणि तिच्यातली खोट एका अपडेटने सगळ्यांसाठी बुजते. आपल्या धाग्याचा सगळा गुंता या एका फरकातून निघालाय. दोन्हीचे फायदे आहेत, भांडायला नको.

वाईचा_वाटसरू
अवांतर आहे, पण याच जातीचं आहे म्हणून लिहितो. पायथॉन.

कॉलेजची पोरं हमखास हे करतात: नवं पायथॉन हवं म्हणून सोर्सवरून बांधायचं आणि /यूएसआर/बिन/पायथॉन३ ची लिंक त्याच्याकडे वळवायची. उबुंटूमधली अर्धी हत्यारं त्या पायथॉनवर चालतात. लिंक वळली की ॲड-एपीटी-रिपॉझिटरी म्हणतं ‘एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’, आणि ग्नोमचं टर्मिनल उघडायचंच बंद होतं. पायथॉन सोर्सवरून बांधणाऱ्यांनी मेक इन्स्टॉल ऐवजी मेक ऑल्टइन्स्टॉल वापरावं. ते पायथॉन३ हे नाव बळकावत नाही, फक्त पायथॉन३.१३ असं पूर्ण नाव ठेवतं. आणि सिस्टीमच्या पायथॉनला हात लावायचा नाही.

सुडो पिप (पायथॉनची पॅकेजं बसवणारं) इन्स्टॉलचंही तेच. आता उबुंटू २३.०४ पासून आणि डेबियन १२ पासून पिप स्वतःच अडवतं, ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ असा निरोप देतं. पायथॉनच्या पेप ६६८ मुळे ही सोय झाली. लोक त्यावर चिडतात आणि ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा पर्याय लावून पुढे जातात. अहो, पर्यायाचं नावच बोलतंय की काय होणार ते! व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरती वेगळी जागा) करा, नाहीतर पिपएक्स वापरा. ओसीआरमायपीडीएफ पिपएक्सने मस्त बसतं.

बाबुराव_लिनक्सवाले
एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. सुरक्षा.

एपीटीतून घेतलेल्या गोष्टीला भोक पडलं तर उबुंटूवाले बुजवतात, आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू असेल तर तुम्ही झोपेत असताना बुजतं. तुम्ही बांधलेल्या गोष्टीचे चौकीदार तुम्हीच. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक उघडं पडलं तेव्हा हे फार जणांनी भोगलं. ओपनएसएसएल (नेटवरचं बोलणं कुलूपबंद करणारी लायब्ररी) १.०.१ ते १.०.१एफ यात ते होतं, एपीटीने दुरुस्त केलेली आवृत्ती तातडीने दिली. ज्यांनी वेब सर्व्हर सोर्सवरून बांधून ओपनएसएसएल आतच चिकटवलेलं होतं, त्यांच्या मशीनवर एपीटी अपग्रेड हिरवंगार दिसत होतं आणि भोक तसंच होतं.

म्हणून माझा नियम: नेटवर उघडं असलेलं काहीही सोर्सवरून बांधायचं नाही. वेब सर्व्हर, एसएसएच (दुरून लॉगिन करायचं), ओपनएसएसएल, कधीच नाही. टेसरॅक्टसारखं खोलीत बसून पानं वाचणारं असेल तर चालेल.

टर्मिनलमित्र
@बाबुराव, पॅकेज म्हणजे सुरक्षित असंही नाही हो. २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड (फायली आटवणारं हत्यार) विसरलात का? ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घातलेलं होतं, आणि ते डेबियन टेस्टिंगपर्यंत पॅकेजातूनच पोचलं.

बाबुराव_लिनक्सवाले
विसरलो नाही, उलट तेच उदाहरण नीट बघा. डेबियन स्टेबलमध्ये ते पोचलंच नाही, कारण स्टेबलमध्ये येणाऱ्या गोष्टीला मध्ये वेळ काढावा लागतो. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं आणि त्यांनी मुळापर्यंत जाऊन ते बाहेर काढलं. अर्धा सेकंद! आणि त्या दाराची किल्ली गिटमधल्या सोर्समध्ये नव्हतीच. प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गाठोड्यात) बिल्ड-टू-होस्ट नावाची एक बदललेली एम४ फाईल (बांधणीच्या सूचनांची) होती. म्हणजे नवीनतम टारबॉल उतरवला की तो निर्धोकच, असं धरून चालता येत नाही. ताजं तेवढं चांगलं, हा हट्ट सोडला पाहिजे एवढंच म्हणतोय.

टर्मिनलमित्र
हे मात्र पटलं. स्थिर आवृत्तीचा टॅग घ्यावा, मेन शाखा आहे तशी बांधू नये. कृष्णाकाठ, टेसरॅक्टच्या बाबतीतही तसंच करा.

कुपवाडचा_फिटर
आमच्याकडचा व्यवहारी प्रश्न: कंपाईल चालू असताना लाईट गेली तर?

सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. मेक प्रत्येक फाईलची वेळ बघतं, झालेलं सोडून उरलेलं करतं. पण ज्या क्षणी लाईट गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ओ-फाईल (कंपाईल झालेला तुकडा) अर्धवट राहते आणि मेकला ती ‘झाली’ वाटते. मग शेवटी जोडणी करताना ‘फाईलचा प्रकार ओळखता येत नाही’ म्हणून अडतं. चूक सांगताना तो फाईलचं नाव देतो, तेवढी पुसा आणि परत मेक. दुसरं, आठ जीबीच्या मशीनवर मेकला डॅश जे देताना पुढे आकडा द्या. नुसतं जे दिलंत तर तो जमतील तेवढी कामं एकदम सुरू करतो, रॅम भरते आणि कंपायलर मध्येच मारला जातो. चार पुरे. भडंगाची पुडी संपायच्या आत होईल.

लॅबमधली_ताई
मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवते, म्हणून दुसऱ्या बाजूनेही बोलते. मुलांनी आयुष्यात काही गोष्टी सोर्सवरून बांधल्याच पाहिजेत. हेडर फाईल म्हणजे काय, डेव्ह पॅकेज वेगळं का असतं, लायब्ररी चालवताना कशी सापडते, हे वर्गात कितीही सांगितलं तरी कॉन्फिगर एकदा ‘लेप्टोनिका सापडत नाही’ म्हणून थांबल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. गेल्या सत्रात एका मुलीला डीपीकेजीच्या नोंदी आणि एलडीडीची यादी (प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररी वापरतो ती) शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे एपीटी हे सगळं रोज माझ्यासाठी करतं?’ त्या दिवसापासून ती एपीटीकडे वेगळ्या नजरेने बघते.

शिकायचं ते मात्र स्वतःच्या मशीनवर, व्हर्च्युअल मशीनवर किंवा कंटेनरमध्ये (मुख्य सिस्टीमपासून वेगळ्या डब्यात). ज्या संगणकावर दुसऱ्यांचं काम अवलंबून आहे, तिथे नाही. मुलांना मी हेच सांगते, आणि कृष्णाकाठ, तुमचा वाचनालयाचा संगणक मला दुसऱ्या प्रकारात दिसतो.

सांगलीकर_पुण्यात
ताईंच्या कंटेनरच्या मुद्द्याला जोडून. डिस्ट्रोबॉक्स बघा. पॉडमन किंवा डॉकरवर चालतं. २२.०४ च्या आत २४.०४ चा डबा उघडायचा, त्यात एपीटीनेच टेसरॅक्ट ५.३.४ बसवायचं. घरचं फोल्डर आत तसंच दिसतं. कंपाईल नाही, मुख्य सिस्टीमला धक्का नाही, नको झालं तर डबा पुसून टाकायचा.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही बघण्यासारखं आहे. फ्रीबीएसडीवर मूळ सिस्टीम वेगळी आणि पोर्ट्समधून आलेलं सगळं /यूएसआर/लोकल मध्ये, म्हणजे तिथे ती जागा पॅकेज-व्यवस्थेचीच. इंटेलच्या मॅकवर होमब्रू /यूएसआर/लोकल मध्येच घुसायचं, नव्या ॲपल चिपवर ते /ऑप्ट/होमब्रू मध्ये गेलं. आर्चवर पीकेजीबिल्ड लिहिलं की मेकपीकेजी सोर्सवरून बांधून पॅकमनच्या हवाली करतो, जेंटूत तर मूळ पद्धतच सोर्सवरून बांधायची आणि तरी नोंद पोर्टेजकडे. निक्सने प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र फोल्डर देऊन एकाच प्रोग्रॅमच्या कितीही आवृत्त्या नांदतील अशी सोय केली. सुनंदाताई म्हणतात त्याच दिशेला सगळे गेलेत: बांधा, पण नोंद ठेवा.

औदुंबरी
धागा छान चाललाय, पण मूळ दुखणं बाजूलाच राहिलं असं वाटतं. कृष्णाकाठ यांची तक्रार जुन्या मराठी छपाईत चुका येतात ही आहे. त्याचा ४ आणि ५ शी किती संबंध आहे?

टेसरॅक्ट हे १९८५ च्या सुमाराला ह्यूलेट-पॅकार्डमध्ये सुरू झालेलं काम. २००५ मध्ये ते खुलं झालं. त्यात खरी मोठी उडी २०१८ च्या आवृत्ती ४ ला आली, अक्षर ओळखायला एलएसटीएम न्यूरल नेटवर्क आलं तेव्हा. ५ मध्ये त्याच नेटवर्कची गणितं हलकी केली, वेग वाढला, आतली सफाई झाली. पण मराठीचं मॉडेल तेच. ४ साठीची मार.ट्रेनडेटा फाईल ५ मध्ये आहे तशी चालते. म्हणजे वाचणारा मेंदू बदलत नाही.

बदलायचा असेल तर ती फाईल बदला. या मॉडेलचे प्रकार आहेत. उबुंटूच्या पॅकेजात येतं ते ‘फास्ट’, पूर्णांकांत आटवलेलं, वेगासाठी. टेसरॅक्टच्याच गिटवर ‘बेस्ट’ नावाचं वेगळं भांडार आहे, त्यातली मार.ट्रेनडेटा सावकाश चालते पण जास्त बारकाईने वाचते. ती तुमच्या ४.१.१ वरही चालते. रात्री क्रॉनने चालवताय म्हणजे वेळेची घाई नाहीच. शिवाय देवनागरी लिपीचं एक वेगळं मॉडेल मिळतं, एपीटीत टेसरॅक्ट-ओसीआर-स्क्रिप्ट-देव या नावाने. पानात संस्कृत श्लोक मध्ये मध्ये असतील तर ते करून बघा.

आणि स्कॅन. किती डीपीआयवर (इंचाला किती ठिपके) करताय? जुन्या पुस्तकांत ‘केलें’, ‘घरांत’, ‘त्यांत’ असे अनुस्वार जागोजाग असतात, १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर ते गेले. दोनशे डीपीआयवर ते टिंब शाईच्या डागासारखं दिसतं किंवा दिसतच नाही. तीनशे तरी हवेच, बारीक टाईप असेल तर चारशे. पुराचं पाणी लागलेल्या पानांवर डागांची कड अक्षरांतून जाते, तिथे राखाडी छटांत स्कॅन करा, थेट काळं-पांढरं करू नका. शिवणीकडे वळलेलं पान आधी स्कॅनटेलरमध्ये सरळ करून घ्या. दोन रकान्यांचं मासिक असेल तर रकाने तिथेच वेगळे करा.

एका पानावर हे करून बघा आणि मग ठरवा की ५ लागतंय का.

मिरजेचा_माणूस
औदुंबरी, हे पहिल्या प्रतिसादात यायला हवं होतं. आम्ही सगळे कंपायलर घेऊन धावलो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. औदुंबरी, स्कॅन दोनशेवरच चालू होता, फाईल लहान राहावी म्हणून. एका दिवाळी अंकाची काही पानं तीनशेवर, राखाडीत परत घेतली आणि बेस्ट मॉडेल लावून ४.१.१ नेच वाचली. अनुस्वार आले. ‘ऱ्या’ आणि ‘श्र’ जिथे हमखास घोटाळा व्हायचा तिथेही बरंच सुधारलंय. जोडाक्षरं अजून कुठे कुठे चुकतात, पण आता शब्द शोधला तर सापडतो.

सांगलीकर_पुण्यात यांचा डबाही करून पाहिला, तीच पानं ५.३.४ ने वाचली. वेग जाणवण्याइतका जास्त आहे, मजकुरात मला फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे सोर्सवरून बांधणं सध्या बाजूला ठेवतोय. पुढे २४.०४ वर जाऊ तेव्हा ५ आपोआप येईल.

एक अडचण राहिली. बेस्टची फाईल /यूएसआर/शेअर मधल्या मूळ फाईलवरच ठेवू का?

सुनंदा_कराड
नको! ती फाईल पॅकेजची आहे. टेसरॅक्ट-ओसीआर-मारचं अपडेट आलं किंवा कुणी ते पुन्हा बसवलं की तुमची बेस्ट जाऊन फास्ट येईल, आणि चुका परत का वाढल्या ते कुणाला कळणार नाही. /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा-बेस्ट असं फोल्डर करा, त्यात ठेवा आणि टेसडेटा_प्रीफिक्स हे व्हेरिएबल तिकडे वळवा.

कृष्णाकाठ
केलं. पण आता ‘रीड_पॅराम्स_फाईल: कॅन्ट ओपन एचओसीआर’ असं येतंय.

औदुंबरी
टेसडेटा_प्रीफिक्स वळवलं की टेसरॅक्ट सगळंच त्या फोल्डरात शोधतं, नुसतं मॉडेल नाही. जुन्या टेसडेटा फोल्डरात कॉन्फिग्स आणि टेसकॉन्फिग्स ही दोन फोल्डरं आणि पीडीएफ.टीटीएफ ही फाईल असते. त्यांच्या सिमलिंक नव्या फोल्डरात करा. इंग्रजीची आणि पानाची दिशा ओळखणारी ओएसडीची ट्रेनडेटा फाईलही तिकडे लागेल, त्यांच्याही लिंक चालतील.

अजिंक्यतारा
आणि हे व्हेरिएबल बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाईल) लिहिलं असेल तर रात्रीच्या क्रॉनला ते दिसणार नाही. क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाही. यूजरच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) पाथसुद्धा फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो, /यूएसआर/लोकल त्यात नाही. म्हणजे तुम्ही ५ बांधलं असतं तरी टर्मिनलवर ५ आणि रात्री ४ अशी गंमत झाली असती. व्हेरिएबल क्रॉनटॅबच्या वरच्या ओळीत लिहा, किंवा क्रॉन जी स्क्रिप्ट चालवतो तिच्या पहिल्या ओळींत. मी स्क्रिप्टच म्हणेन, पुढच्या माणसाला एकाच जागी सगळं दिसेल.

कृष्णाकाठ
स्क्रिप्टमध्ये घातलं, लिंक केल्या. रात्रीची फेरी सुरळीत झाली, सकाळी सगळ्या पीडीएफ तयार होत्या. /यूएसआर/लोकल मध्ये वाचा.टीएक्सटी करून त्यात काय ठेवलंय, कुठून आणलंय आणि का, ते मराठीत लिहिलंय. त्याची एक प्रत छापून सीपीयूवर चिकटवली आहे.

कुपवाडचा_फिटर
यूपीएस आहे का त्या मशीनला? नसेल तर माझ्याकडे एक जुना पडलाय, बॅटरी नवी टाकावी लागेल. रविवारी घेऊन येतो.

कृष्णाकाठ
नाही हो. या, रविवारी दहानंतर वाचनालय उघडं असतं.